खिडक्यांचा राउंड वाट्याने देताना

वाचकाचे पत्र:

मी मूळचा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. पोर्तुगीज पासपोर्टवर २०१३ साली इंग्लंडात आलो आणि स्विंडनला स्थिरावलो. आधी गोदामात होतो. गेली नऊ वर्षे खिडक्या धुण्याचा माझा स्वतःचा राउंड आहे. ३२० घरे आहेत, दर चार आठवड्यांनी फेरी होते, घरामागे सरासरी १२ पौंड मिळतात आणि दिवसाला २० घरे उरकतात. आता उजवा खांदा धरला आहे आणि डॉक्टरांनी पोलचे (पाणी वर नेणाऱ्या लांब दांड्याचे) काम निम्म्यावर आणायला सांगितले आहे. म्हणून १६० घरे माझ्या गावच्या एका मित्राला करायला द्यावीत असे मनात आहे. तो रात्रपाळीची नोकरी करतो आणि त्याच्याकडे सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क, आहे. मी त्याला निम्मे-निम्मे म्हणालो. तो म्हणतो, कष्ट सगळे माझे, मला ८० टक्के हवेत. बायको म्हणते, ६०-४० करा आणि विषय मिटवा. माझी जुनी व्हॅन आणि माझ्या नावाचा टी-शर्ट मी त्याला देणार आहे. माझ्या हिशेबाने दिवसाचा खर्च ४० पौंड येतो: व्हॅनचे २२, पाणी आणि ते शुद्ध करणाऱ्या रेझिनचे ६, पोल-ब्रश-नळीच्या झिजेचे ५, विमा, फोन आणि डायरेक्ट डेबिटच्या शुल्काचे ७. भीती एकच, की वर्षभरात तो माझी गिऱ्हाइके घेऊन जाईल. शिवाय ब्रिस्टलला शिकायला आलेला माझा भाचा शनिवार-रविवारी काम मागतो आहे. त्यालाही दहा-बारा घरे दिली तर चालेल का?

एक वाचक, स्विंडन

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून पहिला दिलासा वाटला तो असा की तुम्ही खर्चाचे आकडे मांडले आहेत. वाटणीवरून बिनसलेली अनेक माणसे हिशेबाच्या निमित्ताने माझ्याकडे येऊन गेली. त्यांतल्या बहुतेकांनी टक्के आधी ठरवले होते आणि खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे कधीच बोलून घेतले नव्हते. दोघा मित्रांची जोडी तर व्हॅनचा क्लच गेला त्या आठवड्यात मोडली, कारण तो कोणी भरायचा याचे उत्तर निम्मे-निम्मे या दोन शब्दांत सापडत नव्हते. आपल्याकडे शेत वाट्याने देताना जुनी माणसे वाटा ठरवण्याआधी विचारत असत की बी कोणाचे, बैल कोणाचे आणि सारा कोण भरणार. तुमच्या राउंडलाही हेच प्रश्न विचारावे लागतील, आणि त्यांची उत्तरे मिळाली की टक्क्यांवरचा बराचसा वाद आपोआप विरेल.

प्रथम तुमचेच आकडे घेऊ. वीस घरांचे दिवसाला २४० पौंड येतात. व्हॅन, पाणी आणि पोल तुमचे राहिले आणि मित्राने ८० टक्के घेतले, तर त्याला १९२ पौंड मिळतील, तुमच्या हाती ४८ राहतील आणि त्यातून ४० खर्चात जाऊन दिवसाचे फक्त ८ पौंड उरतील. नऊ वर्षे जमवलेल्या राउंडचा हा मोबदला होऊ शकत नाही, आणि हे आकडे कागदावर मांडून दाखवले तर तुमचा मित्रही ते नाकारणार नाही असे मला वाटते. परंतु व्हॅन, पाणी आणि पोल त्याने स्वतःचे आणले, तर तेच ८० टक्के फारसे अवास्तव राहत नाहीत: १९२ मधून त्याचे ३३ पौंड खर्चात जातील, तुम्हाला ४८ मधून विमा, फोन आणि वसुलीचे ७ वजा जाऊन ४१ मिळतील. म्हणजे तो लोभी आहे असे गृहीत धरण्याचे कारण नाही. तो एका व्यवस्थेचा आकडा दुसऱ्या व्यवस्थेसाठी मागतो आहे, एवढेच.

आता तुमचे निम्मे-निम्मे पाहू. तुमची व्हॅन धरून त्याला १२० पौंड मिळतील. व्हॅन भरणे, जाणे-येणे आणि परतल्यावरची आवराआवर धरली तर वीस घरांचा दिवस आठ तासांखाली बसत नाही, म्हणजे तासाला १५ पौंड झाले. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे किंवा त्याहून मोठ्या नोकरदाराचे किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे, आणि नोकरदाराला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तिची किंमत तासात मिसळली तर हा आकडा सुमारे १४.२५ पौंडांवर जातो. आजारपण, वाऱ्या-बर्फाने बुडालेले दिवस आणि घसरून पडण्याचा धोका ज्याने स्वतः सोसायचा, त्याला पगारी माणसापेक्षा तासाला जेमतेम बारा आणे जास्त मिळणार असतील, तर त्याला ते अन्यायाचे वाटणे साहजिक आहे. तुमच्या पत्नीचे ६०-४० मला या दोहोंपेक्षा अधिक समंजस वाटते, पण तेही खर्च कोणाचा हे सांगितल्याशिवाय अपुरेच आहे.

माझा सल्ला असा की जुनी व्हॅन त्याला वापरायला देऊ नका, त्याला विका. समजा तिची किंमत टाकी, पंप आणि पोलसह २,६०० पौंड ठरली, तर दर फेरीला १०० पौंड याप्रमाणे २६ फेऱ्यांत, म्हणजे बरोबर दोन वर्षांत ती फिटते. मग वाटणी त्याला ७० आणि तुम्हाला ३० अशी ठेवा. त्याला दिवसाला १६८ पौंड मिळतील, त्याचा खर्च वजा जाता १३५, म्हणजे तासाला जवळजवळ १७. व्हॅनचा हप्ता चालू असेपर्यंत तो आकडा १५ च्या थोडा वर राहील, हे त्याला लपवून न ठेवता आधीच सांगा. मात्र तिसऱ्या वर्षी व्हॅन त्याची झालेली असेल. तुम्हाला ७२ मधून ७ जाऊन ६५ उरतात. त्याला स्वतःच्या दायित्वाचा विमा काढावा लागेल, त्याची रक्कम कोटेशन घेऊन या आकड्यांत घाला आणि गरज वाटल्यास टक्का दोन-तीनने त्याच्या बाजूला सरकवा.

व्हॅन विकायला मी का सांगतो आहे, याचे कारण पैशांपेक्षा मोठे आहे. तुमची व्हॅन, तुमचा टी-शर्ट, तुम्ही ठरवलेला दिवस आणि तुम्ही ठरवलेला दर असेल, तर कागदावर तुम्ही त्याला पोटकंत्राटदार म्हणा किंवा आणखी काही म्हणा, इथला कायदा प्रत्यक्ष व्यवहार पाहतो. ऑटोक्लेन्झ विरुद्ध बेल्चर या खटल्यात गाड्या धुणाऱ्या २० माणसांच्या करारात ते स्वतंत्र व्यावसायिक असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते, त्यांनी त्यावर सह्याही केल्या होत्या, आणि तरीही २०११ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानून किमान वेतन आणि भरपगारी रजेचा हक्क मान्य केला. खिडक्या धुणे आणि गाड्या धुणे यांत फार अंतर नाही. मित्राला खरोखर स्वतंत्र ठेवायचे असेल, तर साधने त्याची असावीत, ठरलेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी आणि किती वाजता काम करायचे हे त्याने ठरवावे, आपल्या जागी दुसरा योग्य माणूस पाठवण्याची त्याला मोकळीक असावी, दुसऱ्यांचे काम घेण्यास आडकाठी नसावी, आणि वाईट झालेले काम त्याने स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करावे. टी-शर्ट त्याला देऊ नका. एचएमआरसीच्या (इथल्या कर खात्याच्या) संकेतस्थळावर माणूस करासाठी नोकरदार ठरतो की स्वयंरोजगारी हे तपासण्याची विनामूल्य प्रश्नावली आहे; ती दोघांनी एकत्र बसून खरी उत्तरे देऊन भरा आणि निकालाची प्रत जपून ठेवा.

हे सारे त्याला नको असेल, व्हॅन घ्यायची नसेल, फक्त येऊन काम करून जायचे असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. मग त्याला सरळ नोकरीवर घ्या. तासाचा पगार, पगारपत्रक, रजा, किमान ५० लाख पौंडांचा मालकाच्या दायित्वाचा सक्तीचा विमा आणि वर्षाचा पगार १०,००० पौंडांच्या वर गेल्यास निवृत्तिवेतनात नावनोंदणी एवढे तुमच्यावर येईल. राष्ट्रीय विम्याचा मालकाचा हिस्सा छोट्या मालकाला मिळणाऱ्या १०,५०० पौंडांच्या सवलतीत बसून जाईल. हा मार्ग महाग वाटतो, पण व्हॅन स्वतःकडे ठेवून माणसाला स्वतंत्र म्हणण्याचा तिसरा मार्ग पुढे याहून महाग पडतो.

‘भागीदार’ हा शब्दही जपून वापरा. मित्राला धीर देण्यासाठी आपण सहज म्हणतो की तू माझा पार्टनरच आहेस, आणि ते मोबाइलवरच्या संदेशात राहून जाते. इथल्या १८९० च्या भागीदारी कायद्यानुसार एकूण जमेतला हिस्सा घेतल्याने माणूस आपोआप भागीदार होत नाही. पण नफ्यातला हिस्सा घेणे हा मात्र भागीदारीचा सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो, आणि भागीदारी ठरली तर वेगळा करार नसल्यास नफा समान वाटला जातो आणि व्यवसायाच्या देण्याला दोघेही बांधले जातात. भारतातला १९३२ चा कायदा याच वळणाचा असल्याने वाचकांपैकी काहींना हे ओळखीचे वाटेल. म्हणून करारात नफा हा शब्दच नको. घरागणिक दर लिहा: १२ पौंडांच्या घराला त्याचे ८ पौंड ४० पेन्स, १५ पौंडांच्या घराला १० पौंड ५० पेन्स. फेरी संपली की त्याने झालेल्या घरांची यादी जोडून तुम्हाला बिल द्यावे आणि तुम्ही सात दिवसांत पैसे पाठवावेत. गिऱ्हाइकाने दर वाढवून दिला तर त्याचाही दर त्याच प्रमाणात वाढेल, ही ओळ विसरू नका.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, तिच्याकडे वळतो. निम्मी घरे द्यायची, पण कोणती निम्मी? राउंडमधली सगळी घरे सारखी नसतात हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. हेडन विक किंवा ॲबी मेड्सकडच्या नव्या वसाहतीत एकाच गल्लीत आठ-दहा घरे लागून असतात, व्हॅन एकदा लावली की दोन तास हलवावी लागत नाही. ओल्ड टाउनच्या जुन्या रांगघरांना मागे जायला बोळ असतो, कधी तोही नसतो, आणि नळी घरातून नेता येत नाही. रॉटनसारख्या गावात एक घर इथे आणि दुसरे मैलावर. कागदावर तिन्हीकडे १२ पौंडच लिहिलेले असतात, पण तासाची कमाई एका ठिकाणी दुसरीच्या दुप्पट असू शकते. खांदा दुखतो म्हणून सोपी आणि लागून असलेली घरे स्वतःकडे ठेवण्याचा मोह होईल, आणि खांद्याच्या दृष्टीने तो गैरही नाही. पण मग सुटी, आडवळणाची १६० घरे ७० टक्क्यांनी मित्राला देऊन तासाला १७ पौंडांचा माझा हिशेब त्याला ऐकवू नका, कारण त्याला प्रत्यक्षात ११-१२ पौंडच सुटतील. पुढच्या फेरीत प्रत्येक गल्लीला किती मिनिटे लागतात ते वहीत टिपा, तिथली कमाई त्या मिनिटांनी भागा आणि त्या यादीवरून दोन ढीग असे करा की तुम्हाला कोणताही ढीग घ्यायला हरकत वाटू नये. भाऊ शेत वाटताना एकाने बांध घालायचा आणि दुसऱ्याने आधी निवडायचे, ही पद्धत तुम्ही गावी पाहिली असेल. इथे ती जशीच्या तशी चालते. खांद्यासाठी सोपी घरे ठेवणे भागच असेल, तर अवघड गल्ल्यांना त्याचा दर ७५ किंवा ८० टक्के करा. सरसकट एकच टक्का हवा असा कुठेही नियम नाही.

दुसरी गोष्ट मला जरा स्पष्टपणे सांगावी लागेल, आणि ती तुमच्या बाजूची आहे. तुमचे ३० टक्के खर्च वजा जाता फेरीला ५२० पौंड होतात, म्हणजे वर्षाच्या १३ फेऱ्यांचे ६,७६० पौंड. इंग्लंडात असे राउंड विकले जातात तेव्हा एका महिन्याच्या कमाईच्या काही पट किंमत मिळते. तीन पट धरली तर या १६० घरांची किंमत ५,७६० पौंड होते. म्हणजे जी घरे मित्र एकदाच पैसे भरून विकत घेऊ शकला असता, त्यांच्यासाठी तो दर वर्षी त्याहून जास्त तुम्हाला देणार आहे. पहिल्या वर्षी हे त्याच्या ध्यानात येणार नाही; दुसऱ्या वर्षी नक्की येईल, आणि गिऱ्हाइके फोडण्याचा विचार माणसाच्या मनात शिरतो तो नेमका त्या दिवशी. त्याला थोपवण्याचा खरा उपाय तुमच्या हातात आहे: त्या ३० टक्क्यांचे काम तुम्ही खरोखर करत राहा. आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकांना संदेश पाठवणे, पैसे वसूल करणे, तक्रारीला फोन उचलणे, वर्षाला दर वाढवून घेणे, आणि लोक घर बदलून गेले की त्यांच्या जागी त्याच गल्लीत नवी घरे मिळवणे, ही सगळी मेहनत आहे, आणि ती ज्याला करावी लागत नाही त्यालाच तिची किंमत कळते. यातले काहीच न करता तुम्ही फक्त नऊ वर्षांपूर्वीच्या कष्टांचे भाडे घेऊ लागलात, तर ते नाते दोन वर्षांपलीकडे टिकणार नाही, करार कितीही पक्का असो.

करारात गिऱ्हाइकांबाबत काय लिहावे? घरांच्या पत्त्यांची यादी सोबत जोडा आणि काम सोडल्यानंतर सहा महिने या यादीतल्या घरांचे काम तो स्वतः घेणार नाही, एवढेच लिहा. ‘स्विंडनमध्ये पाच वर्षे धंदा करणार नाही’ अशी कलमे घालू नका. माणसाच्या पोटावर अवाजवी पाय देणारी बंधने न्यायालयात टिकत नाहीत, आणि टिकली असती तरी तुम्ही ती गावच्या माणसावर लादू नयेत असे मला वाटते. त्याने स्वतः बोलून मिळवलेली नवी घरे त्याचीच. त्यांचा हिशेब तुमच्याकडून करून घ्यायचा असेल तर दहा टक्के घ्या, नसेल तर काही नाही. मागच्या फाटकांच्या कुलुपांचे आकडे गिऱ्हाइकांनी तुमच्यावर विश्वासून दिलेले आहेत. ते देण्यापूर्वी प्रत्येकाला कळवा की पुढच्या फेरीपासून अमुक गृहस्थ येतील, आणि पहिल्या फेरीला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे, स्वतः त्याला घेऊन जा.

बुडीत पैशाचा धोका तुमचा असावा. त्याने खिडकी धुतली, तुम्ही वसुली करता, गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, तर त्याचे ८ पौंड ४० पेन्स तरीही त्याला मिळाले पाहिजेत. वसुलीची सूत्रे ज्याच्या हाती आहेत त्यानेच तिचा तोटा सोसावा. उलट काच डागाळलेली राहिली, तर ती पुन्हा धुणे त्याच्याकडे. डागांचा प्रश्न पुष्कळदा पाण्याचा असतो: स्विंडनचे पाणी जड आहे, रेझिन संपत आले की काचेवर चुन्याचे ठिपके उमटतात. पाणी यापुढे त्याने स्वतः तयार करायचे असल्यामुळे भरण्यापूर्वी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा पाहून वहीत लिहायची सवय त्याला पहिल्या आठवड्यात लावा. हा आकडा शून्यावर असावा. दहाच्या वर गेला की तक्रारी सुरू होतात.

शिकवण्याच्या दिवसांची मजुरी त्याला द्या. दोन आठवडे तो तुमच्यासोबत फिरेल, ते फुकट समजू नका. आणि या दोन आठवड्यांत काच कशी धुवायची याआधी हे शिकवा की डोक्यावरची वीजवाहिनी पाहिल्याशिवाय पोल उभा करायचा नाही. कार्बन फायबरमधून वीज वाहते आणि आत पाणी असते. अशा अपघाताला दुसरी संधी नसते. रात्रपाळी करून थेट व्हॅनमध्ये बसायचे नाही, हेही ठामपणे सांगा. त्याचे घर तुम्हाला माहीत आहे, त्याची माणसे माहीत आहेत. हे बोलण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

करांबाबत थोडक्यात. त्याने एचएमआरसीकडे स्वयंरोजगाराची नोंदणी करावी. करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरच्या आत ती झाली पाहिजे. १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा त्याच्या रात्रीच्या पगारातच संपत असेल, त्यामुळे या कमाईवर पहिल्या पौंडापासून २० टक्के कर लागेल. मिळालेल्या रकमेतून खर्च वजा करून उरेल त्याचा चौथा हिस्सा त्याने दर फेरीला बाजूला टाकावा, नाहीतर पुढच्या जानेवारीत तो तुमच्याकडेच उसने मागायला येईल. तुमच्या बाजूने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की वसुली तुमच्या नावे होत असल्याने सगळी जमा तुमचीच उलाढाल धरली जाते आणि त्याला दिलेले पैसे तुमचा खर्च. ३२० घरांची वर्षाची जमा ४९,९२० पौंड होते. व्हॅटच्या ९०,००० च्या मर्यादेपासून तुम्ही दूर आहात, पण दर तीन महिन्यांनी संगणकीय हिशेब पाठवण्याचा जो नवा नियम एप्रिल २०२६ पासून ५०,००० च्या वरच्यांना लागू झाला आहे, त्याच्या तुम्ही उंबऱ्यावर आहात. एप्रिल २०२७ पासून ती मर्यादा ३०,००० वर येणार असल्याने तेव्हा तर तुम्ही त्यात येण्याचीच चिन्हे आहेत. वहीसोबत आतापासूनच एखादे सॉफ्टवेअर वापरायला लागा.

भाच्याला घरे देण्याबद्दल माझे उत्तर ‘नको’ असे आहे, आणि यात मला कुठलीही पळवाट दिसत नाही. तो विद्यार्थी व्हिसावर असणार. त्या व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही, त्यामुळे त्याला पोटकंत्राटाने एकही घर देता येणार नाही, मग ते शनिवारी असो वा सुटीत. पदवीचे शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते. पण ती पगारपत्रकावरची नोकरी हवी, त्याच्या व्हिसावर तशी परवानगी आहे हे तुम्ही आधी गृहखात्याच्या संकेतस्थळावर त्याच्या शेअर कोडने (व्हिसाधारकाने मालकाला द्यायच्या तपासणी-क्रमांकाने) तपासलेले हवे, आणि इतर ठिकाणी तो करत असलेले तासही त्याच वीसात धरले जातात. ‘मामाला मदत करतो, मामा हातावर चार पैसे ठेवतो’ या समजुतीवर राहू नका. परवानगी नसलेल्याला कामावर ठेवल्यास पहिल्याच चुकीला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुमचे पैसे जातील त्यापेक्षा त्याचे शिक्षण जाईल याची मला अधिक काळजी वाटते. बहिणीने घर गहाण ठेवून त्याला पाठवले असेल, तर तिच्याशी हे फोनवर तुम्हीच बोला. मुलाला ते सांगणे अवघड जाईल.

शेवटी मुदतीचे. पहिला करार सहा फेऱ्यांचा करा. त्यानंतर दोघांपैकी कोणालाही दोन फेऱ्यांची, म्हणजे आठ आठवड्यांची सूचना देऊन बाहेर पडता यावे. आणि व्हॅनचे हप्ते फिटतील त्या दिवशी, म्हणजे दोन वर्षांनी, ही १६० घरे विकत घेण्याचा पहिला हक्क त्याला द्या. किंमत आजच ठरवू नका, पण ती काढायची रीत आज लिहा, उदाहरणार्थ त्या वेळच्या एका फेरीच्या जमेच्या तीन पट, वजा दोन वर्षांत त्याने तुम्हाला मिळवून दिलेल्या ३० टक्क्यांचा काही भाग. खांदा दोन वर्षांनी कसा असेल ते पाहून उरलेल्या निम्म्याचेही तेव्हाच बोलता येईल. मसुदा तयार झाला की सही करण्यापूर्वी इथल्या सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात किंवा एखाद्या सॉलिसिटरकडे एकदा दाखवून घ्या. मी हिशेबनीस आहे, वकील नाही. आकडे मी जबाबदारीने सांगू शकतो, कलमांची भाषा त्यांनी पाहावी. मित्राला वाचायला देताना मसुद्यासोबत तुमची गल्ली-मिनिटांची वहीही द्या, आणि उत्तरासाठी त्याला एक आठवडा द्या.